बंड्यास पत्र, मुक्काम ओशन स्प्रिंग्ज

प्रिय बंड्या,

तुझे तीन व्हॉइस मेसेज आले आणि तिन्हीत नुसत्या शिव्या, की लेकीकडे गेला आणि मित्राला विसरला वगैरे. अरे विसरलो नाही रे, व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यासारखं नव्हतं म्हणून साठवत होतो. आता नातवाच्या टॅबवर मराठी कीबोर्ड टाकून घेतलाय आणि मागच्या अंगणात बसलोय, बोट घसरेल तिथे सांभाळून घे, आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यास तशी ही तपासत बसू नकोस.

तर गावाचं नाव ओशन स्प्रिंग्ज. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य म्हटलं की नदी आठवते, पण या राज्याला खाली टोकाला इवलासा समुद्रकिनारा पण आहे, मेक्सिकोच्या आखाताचा, त्यावर हे गाव. वस्ती अठरा हजारांच्या वर, म्हणजे आपल्या सावंतवाडीपेक्षा थोडं लहानच. लेक इथल्या हॉस्पिटलात, जावई घरून काम करतो, नातू शाळेत, मग दिवसभर मी आणि ही. जानेवारीत आलो तेव्हा पहिल्या दिवशी समुद्र बघायला गेलो आणि खरं सांगतो, पार निराश झालो. लाटच नाही! पाणी तांबूस-करडं, आपल्या खाडीसारखं संथ. नंतर जावयाने सांगितलं की दहा-बारा मैल आत बेटांची एक रांग आहे, ती बेटं लाटा तिथेच अडवतात, आणि नद्यांचा गाळ येतो म्हणून पाण्याला रंग असा. ही म्हणाली, एवढ्या लांब विमानात पाय सुजवून येऊन बघितलं काय तर खाडी. पण गाव मात्र डोळ्यात भरलं. मेन रोडवर दोन्ही बाजूंनी लाइव्ह ओक म्हणून झाडं आहेत, आपल्या जुन्या वडासारखी आडवी पसरलेली, फांद्या रस्त्यावर आलेल्या, त्यांवरून करड्या जटा लोंबतात. आणि झाडाखाली काय, तर चित्रांची दुकानं. भांड्यांची दुकानं. मला वाटलं टुरिस्टांसाठी थाटलेलं असेल. तसं नाहीये, त्याचं कारण पुढे सांगतो, तेच तर सांगायचंय.

आधी शिमग्याचं सांगतो. फेब्रुवारीत इथे मार्डी ग्रा असतो. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास, त्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत सगळं खाऊन-पिऊन-नाचून घ्यायचं. न्यू ऑर्लिन्सचा फेमस आहे पण हा अख्खा किनारा करतो. रात्री ट्रॅक्टरमागे सजवलेले फ्लोट निघतात, त्यावर मुखवटेवाले लोक उभे, आणि ते खाली गर्दीवर मण्यांच्या माळा फेकतात, मूनपाय नावाचं चॉकलेटचं बिस्किट फेकतात, आणि बंड्या, सत्तरी ओलांडलेली माणसं त्या माळांसाठी एकमेकांना ढुशा मारतात. मी पण मारली. एकोणीस माळा जमवल्या, हिने मोजून पिशवीत भरल्यात, वाडीतल्या पोरांना वाटणार म्हणते. त्याआधी सहा जानेवारीपासून घरोघर किंग केक, वर जांभळी-हिरवी-सोनेरी साखर आणि आत प्लास्टिकचं एवढंसं बाळ, ज्याच्या तुकड्यात येईल त्याने पुढचा केक आणायचा. माझ्या तुकड्यात आलं. कवळी वाचली थोडक्यात.

मार्च लागला की अझेलिया फुलतात, घराच्या खिडक्यांपर्यंत गुलाबी झुडपं, आणि क्रॉफिश येतो. हा म्हणजे खेकडा आणि कोळंबी यांच्या मधला काहीतरी जीव, गोड्या पाण्यातला. मोठ्या टोपात लाल तिखटाच्या पाण्यात उकडायचा, त्यातच बटाटे, मक्याची कणसं, सगळं उपसून टेबलावर पेपर पसरून त्यावर ओतायचं, ताटं-बिटं काही नाही. डोकं मोडून आतला रस चोखायचा. गोरी माणसं तिखटाने नाकडोळे पुसत बसलेली बघून आम्हाला फार बरं वाटलं. आणि आपला शेवटा मिळतो इथे! मुलेट म्हणतात, तळलेल्याला गमतीने बिलॉक्सी बेकन म्हणतात, बिलॉक्सी म्हणजे पुलापलीकडचं शहर. हिने तिरफळं आणलीच होती, पुढचं काही सांगायला नको.

मार्चअखेरीस डाउनटाउनमध्ये स्प्रिंग आर्ट्स फेस्टिव्हल झाला. रस्ते गाड्यांना बंद, दोन्ही कडेला पांढरे तंबू, रोपंवाले, औषधी वनस्पतीवाले, आणि चित्रकार, कुंभार, लाकूडवाले, काचवाले. (मोठा फेस्टिव्हल नोव्हेंबरात असतो, १९७८ पासून चालू आहे, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते म्हणे, पण तेव्हा आपण घरी.) मी सकाळी नऊला गेलो तो तीनला परतलो, जावई दोनदा शोधायला आला. तुला माहितीये मी प्रदर्शनात कसा असतो, चित्राला नाक लावून बघतो. बरंचसं काम, खरं सांगू, ठीकठाक होतं. पेलिकन, खेकडा, सूर्यास्त. परत पेलिकन. आपल्याकडे जसा प्रत्येक हौशी माणूस देवळाची दीपमाळ काढतो तसं. पण भांडी! भांड्यांपुढे मी हरलो. एका बाईंच्या स्टॉलवर निळसर-हिरव्या ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या लेपाचे, मग होते, मी वाकून ग्लेझ कुठे थांबलंय ते बघत होतो आणि माझी ती खादीची झोळी, जी टाकून दे म्हणून लेक पाच वर्षं मागे लागलीये, तिचा बंद एका मगाच्या कानात अडकला. फळीवरून खाली. ठिकऱ्या. सगळ्या रस्त्यावर शांतता पसरली असं मला वाटलं, प्रत्यक्षात कोणी बघितलं पण नसेल. मी पाकीट काढून थरथरत उभा, अठ्ठावीस डॉलर, आणि बाई खाली बसल्या, तळाचा तुकडा उचलला, उन्हात धरला आणि म्हणाल्या, तळ जाडच राहिला होता नाहीतरी. पैसे घेईनात. मी ऐकेना. शेवटी निम्म्यावर तडजोड झाली आणि तो तळाचा तुकडा त्यांनी मला दिला. इथे टॅबशेजारीच ठेवलाय. कडेची माती बघ म्हणजे कळेल, आत फिकी तपकिरी, एकजीव, आपल्या मातीत जसे अभ्रकाचे कण चमकतात तसं काही नाही.

आता मूळ गोष्ट. या गावात १९२८ साली पीटर अँडरसन नावाच्या माणसाने शियरवॉटर पॉटरी काढली, घरच्या घरी, झाडीत, पाण्याच्या कडेला. अजून चालू आहे, अजून त्याच घरातली माणसं चालवतात. रस्ता संपतो तिथे शोरूम, आपण सावंतवाडीला लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत शिरतो ना, तसं वाटतं. पीटर चाकावर बसायचा आणि त्याचे दोन भाऊ भांड्यांवर नक्षी काढायचे. त्यातला एक वॉल्टर. वॉल्टर इंग्लिस अँडरसन, जन्म १९०३. पेनसिल्व्हेनियाच्या आर्ट अकॅडमीत शिकलेला. आणि घर चालवायला काय करायचा, तर साच्यातली छोटी छोटी चितारलेली बाहुली, त्यांना ते विजेट म्हणायचे. कंटाळायचा त्या कामाला. हे वाचलं आणि मला आपण दोघं आठवलो, गणपतीआधी तुझ्या काकांच्या मूर्तिशाळेत रात्ररात्र बसून मूर्तींचे डोळे काढायचो आणि तू म्हणायचास की पुढच्या जन्मी उंदीर झालो तरी चालेल पण उंदीर रंगवणार नाही.

तर हा वॉल्टर. मध्ये त्याचं डोकं बिघडलं, वेड्यांच्या इस्पितळात ठेवला, तिथून पळाला, चादरी बांधून खिडकीतून उतरला आणि उतरता उतरता विटांच्या भिंतीवर साबणाने उडते पक्षी काढत गेला असं सांगतात. पुढे बायकोपासून, पोरांपासून वेगळा त्या पॉटरीच्या आवारातल्या एका खोपटात राहायला लागला. आणि सारखा होडी वल्हवत त्या बाहेरच्या बेटावर, हॉर्न आयलंडवर जायचा. दहा-बारा मैल, वल्हवत! तिथे होडी पालथी घालून तिच्याखाली झोपायचा आणि दिवसभर खेकडे, बगळे, गवत, कासवं असं जे दिसेल ते रंगवायचा. कागद कुठला माहितीये? टायपिंगचा. साधा टाइपरायटरचा पातळ कागद. मी म्युझियममध्ये जवळून बघितला, रंगाच्या पाण्याने कागदाला चुण्या पडलेल्या आहेत. वर्गात पोरांनी असल्या कागदावर वॉटरकलर केला असता तर आपण पट्टी मारली असती. आणि त्याच्यावर तो बगळा असा उभाय की बस्स. कागद फुगला तिथे बगळ्याचं पोट आलंय. मुद्दाम केलंय का माहीत नाही, मी तिथे दहा मिनिटं उभा होतो.

१९५० च्या सुमारास गावाने कम्युनिटी सेंटर बांधलं, साधा हॉल, आपल्या नगरवाचनालयाच्या हॉलसारखा. याने सांगितलं भिंती मी रंगवतो. मानधन एक डॉलर. वाचलंस ना? एक. दोन्ही लांब भिंती रंगवल्या, एकीकडे फ्रेंच लोक इथे उतरतात तो प्रसंग, दुसरीकडे इथल्या ऋतूंचे सात प्रकार, पक्ष्या-प्राण्यांसकट. तेव्हा गावाला ते फारसं रुचलं नव्हतं, हा वेडा काय करून ठेवतोय असंच. आता त्या हॉलला लागूनच त्याचं म्युझियम आहे, १९९१ ला उघडलं. नातवाच्या शाळेचा स्प्रिंगचा कार्यक्रम होता तेव्हा त्याच्या वर्गातल्या पोरांनी ब्लॉक प्रिंट करून आणले होते, सगळ्या प्रिंटांत वॉल्टरची ती वळणं, नागमोडी आणि झिगझॅग, पोरांच्या हाताला पण लागलीत. म्हणून म्हटलं ही दुकानं टुरिस्टांसाठी थाटलेली नाहीत. टुरिस्ट नंतर आले.

आणि ती खोली. त्याच्या खोपटात एक खोली होती, कायम कुलूप. बायकोला पण आत सोडायचा नाही. १९६५ च्या सप्टेंबरात मोठं वादळ आलं तेव्हा हा त्या बेटावरच होता, म्हणे स्वतःला झाडाला बांधून घेतलं, वादळ बघायचं होतं. नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्सच्या हॉस्पिटलात गेला, फुप्फुसाचा कॅन्सर. मग बायकोने कुलूप काढलं. आत चारी भिंती आणि छत, एक इंच मोकळा नाही. पूर्वेच्या भिंतीला उजाडतंय आणि तिथून फिरत फिरत दुपार, संध्याकाळ, रात्र. बायबलमधल्या १०४ व्या स्तोत्रावरून काढलंय म्हणतात. छताच्या मधोमध एक प्रचंड फूल.

ती अख्खी खोली उचलून म्युझियममध्ये आणून बसवलीये. मी आत गेलो तेव्हा एकटाच होतो. दारातून दोन पावलं टाकली की संपते एवढीच. लाकडी फळ्या आहेत, फळ्यांच्या सांध्यातून रंग आत गेलेला दिसतो, एका ठिकाणी पंख सांध्यावर तुटतो आणि पुढच्या फळीवर जरा खाली सुरू होतो, फळी नंतर सरकली असेल. मी बोट लावणार होतो, लावलं नाही. बंड्या, चाळीस वर्षं आपण मुलांना सांगितलं की चित्र म्हणजे दाखवायची गोष्ट, बोर्डावर लाव, स्पर्धेला पाठव, एलिमेंटरीला बसव, इंटरमीजिएटला बसव. आणि हा माणूस दार लावून आत सकाळ काढत बसलाय. मला राग आला आधी. खरंच. मग बाहेर बाकावर बसलो तर तिथल्या काकूंनी कॅटरिनाचं सांगितलं.

कॅटरिना म्हणजे २९ ऑगस्ट २००५ चं वादळ, म्हणजे आपल्याकडे २६ जुलै झाला ते वर्ष. समुद्र गावात शिरला, पॉटरीच्या आवारातली घरं नेली, बिलॉक्सीचा पूल पत्त्यांसारखा पाडला. अँडरसनांच्या घराने वॉल्टरची चित्रं ठेवायला पक्की खोली बांधली होती, पाण्याने तीही फोडली. हजारो कागद चिखलात. ते टायपिंगचे कागद, बंड्या. लोकांनी ते एकेक करून उचलले, सोडवले, सुकवले. वर्षानुवर्षं चाललं ते काम.

मी त्या काकूंना मान डोलावत होतो आणि डोळ्यांपुढे तुझं परसदार होतं. २०२१, तौक्ते वादळ. तुझ्या माळ्यावरचे पत्रे उडाले, तिसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तू ओले गठ्ठे खाली आणून ठेवले होतेस, चाळीस वर्षांचं काम, नारूरचे सडे, रेडीची खाण, दशावतारी रंग लावताना काढलेली ती स्केचेस. तू म्हणालास वास मारतोय, बुरशी आलीये, जाळून टाकू. मी काय म्हणालो? काही नाही. पेटत नव्हतं तर आत जाऊन रॉकेलचा डबा मीच आणला. तेव्हा वाटलं मित्राचं दुःख आहे, मित्र म्हणेल तसं करावं. आता वाटतं मला नुसतं एवढं म्हणता आलं असतं की थांब, दोन दिवस दोरीवर टाकू. आपण दोघेही ड्रॉइंग मास्तर, ओला कागद कसा सुकवतात हे आपल्याला माहीत नव्हतं होय रे? हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून पत्र.

बरं, पुढचं. एप्रिलमध्ये इथे ते फ्रेंच उतरल्याचा सोहळा करतात. १६९९ मध्ये दिबर्व्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी इथे उतरला आणि किल्ला बांधला, तर गावातले लोक मखमली कोट, पिसांच्या टोप्या घालून होडीतून किनाऱ्यावर येतात, समोर मूळच्या बिलॉक्सी जमातीच्या वेषात काही लोक उभे, हात मिळवतात, तोफ उडते. नाटक म्हणून बघशील तर आपल्या दशावतारातला संकासुर यांना तासभर हसवेल. एकाची टोपी वाऱ्याने गेली पाण्यात आणि राजाचा सरदार गुडघाभर पाण्यात टोपीमागे, सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच. पण मला जरा खटकलंच. आपण वास्को द गामा उतरला म्हणून कधी होड्या सजवू काय? जावयाला म्हटलं तर म्हणाला, बाबा, इथे नका बोलू, एन्जॉय करा. मग गप्प बसून लिंबू सरबत प्यायलो.

आणि परवा-परवा मे महिन्यात बिलॉक्सीला कोळंबीच्या ट्रॉलरांचा आशीर्वाद झाला, ब्लेसिंग ऑफ द फ्लीट. १९२९ पासून चालू आहे. सीझन सुरू व्हायच्या आधी ट्रॉलर सजवतात, पताका, कागदी फुलं, आणि एक होडी मध्ये नांगर टाकून उभी, तिच्यावर धर्मगुरू, समोरून एकेक ट्रॉलर जातो आणि ते पाणी शिंपडतात. त्याआधी समुद्रात गेलेल्यांसाठी फुलांचं चक्र पाण्यात सोडतात, तेव्हा सगळे इंजिनं बारीक करतात. आपली नारळी पौर्णिमाच रे, फक्त नारळाच्या जागी चक्र. ही हात जोडून उभी होती आणि शेजारची व्हिएतनामी आजी पण हात जोडून उभी. निम्म्या ट्रॉलरांवर व्हिएतनामी नावं होती, ती माणसं सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून इथे मासेमारीत आहेत.

धक्क्यावर एक म्हातारा खलाशी जाळं शिवत होता, सुई आपल्यासारखीच, मी बघत उभा राहिलो. त्याने विचारलं कुठले. मी छाती काढून इंडिया. तर म्हणाला, तुमची कोळंबी आम्हाला मारते. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. आपल्याकडची तळ्यातली कोळंबी, आंध्रातली जास्त, जहाज भरभरून इथे येते आणि स्वस्त पडते, याच्या समुद्रातल्या कोळंबीला भाव मिळत नाही, डिझेल सुटत नाही. मी म्हणालो मी ड्रॉइंग टीचर आहे. तो हसला, म्हणाला मग ठीक आहे. पण मला ते दिवसभर लागून राहिलं, कारण मालवणच्या धक्क्यावर आपला किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक रापणवाला मोठ्या यांत्रिक होड्यांच्या पर्ससीनवाल्याबद्दल अगदी याच आवाजात बोलतो. मी त्याचं स्केच केलं, सुईचा हात तीनदा काढला, तिसऱ्यांदा जमला. कागद त्याच्याच बिलाच्या पाठचा.

हो, मी परत काढायला लागलोय. कोणाला दाखवत नाही. रोज सकाळी या अंगणात एक, ए-फोरचा साधा प्रिंटरचा कागद, नातवाचे रंग. कागद चुरगळतो पण मजा येते.

जूनच्या दहा-बाराला गोव्याला मोपा विमानतळावर उतरतो, पाऊस लागता लागता. तुझ्याकडे ती हिरवी ट्रंक अजून आहे ना, पलंगाखालची, जी माळ्यावर नव्हती म्हणून राहिली? ती भिंतीपासून पुढे ओढून ठेव, खाली दोन विटा लाव. उघडू नकोस, तू एकटा असलास की तुला काय सुचेल याचा भरवसा नाही. मी आलो की दोघं मिळून उघडू. वहिनींना सांग तिरफळं संपली, येताना घरी जेवायलाच येतो.

तुझा,
भाऊ

ता.क. मगाचा तुकडा बॅगेत घालू का? कस्टमवाले विचारतील हे काय, तर मी सांगणार माती.